थंड चुलीचा तुकडा

पाट बंद पडला ते मला आधी कानानं कळलं. मी मशीनवर बसून शाळेच्या चड्ड्या शिवत होते. पाट आमच्या घरामागूनच जातो, पण इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याचा आवाज ऐकूच येत नाही. तो थांबला तेव्हा मात्र एकदम कानात दडे बसल्यासारखं झालं. मशीनचं पायडल थांबवलं, मागचं दार उघडलं, तर पाटात नुसता चिखल चकाकत होता आणि त्यात दोन बेडूक एकमेकांकडे बघत बसले होते.

"गेलं का हो पाणी?" शेजारच्या घरातल्या धाकट्या सुनेनं, आम्ही तिला धाकटीच म्हणतो, विचारलं. कमरेवर टोमॅटोच्या रोपांचा ट्रे होता. पुढच्याच दिवशी ती रोपं लावायची होती.

"गेलं," मी म्हटलं. "वर कुणाची तरी म्हैस बसली असेल पाटात."

म्हैस नव्हती. तासाभरात आमच्या वस्तीतला वेल्डर वरून धावत आला आणि म्हणाला, कडेवरची पाटाची भिंत ढासळली. ढासळली म्हणजे दोन-चार दगड नव्हे, अख्खी. पाणी सगळं खाली ओढ्यात चाललंय. धाकटीनं ट्रे हळूच खाली ठेवला आणि विचारलं, "कुणाच्या तुकड्यात?"

वेल्डरनं तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं तेव्हाच आम्हाला कळलं.

आता हे तुकड्याचं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर आम्ही वेडे आहोत असं वाटेल. तसे थोडे आहोतच.

आमची घरं डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या वर, पुलाच्या तोंडाला आहेत. हा पूल बांधायला ज्या डोंगराचा दगड काढला त्याच डोंगराच्या पायथ्याशी कामगारांची खोपटं होती. पूल झाला, कंत्राटदार गेला, बाकीचे कामगार पुढच्या कामावर गेले. सात घरं मागे राहिली. त्यातली सहा थकून राहिली आणि एक भांडून. भांडून राहिलेला माझा आजेसासरा. पुलापलीकडचं गाव म्हणतं, तुम्ही अलीकडचे. अलीकडचं गाव म्हणतं, छे, तुम्ही तर पलीकडचे. एकदा आमची माणसं कचेरीत नकाशा बघायला गेली, तर आमची जागा नेमकी नकाशाच्या घडीवर, आणि घडी झिजून तिथं भोक पडलेलं. साहेब म्हणाला, बघा, मी काय करू? तेव्हा नळ असो, रस्ता असो, योजना असो, ज्याला गाव आहे त्याच्याकडे जातं. आमच्याकडे येतो तो फक्त पाट, आणि तो आमच्याच लोकांनी पहारीनं खोदलाय.

डोंगराच्या डोक्यावर झरा आहे. तिथपासून घरांपर्यंत पाट आणला तो सात घरांनी तुकडे वाटून घेऊन. मऊ मातीत लांब तुकडा, खडकात आखूड. ज्याचा तुकडा त्यानं राखायचा. पुढं मुलांनी चुली वेगळ्या केल्या तसे तुकड्यांचेही तुकडे पडले. आणि नियम असा, की दुसऱ्याच्या तुकड्याला हात लावायचा नाही. सुरुवातीला एकानं दुसऱ्याचा तुकडा मदत म्हणून दुरुस्त केला आणि पुढच्या उन्हाळ्यात, मी दुरुस्त केला म्हणून पाणी माझं, असं म्हणाला. त्यात डोकी फुटली. तेव्हापासून ठरलं, ज्या चुलीचं खाल्लं त्याच चुलीच्या तुकड्यात फावडं घालायचं. खाऊन काम केलं की तो कामाचा माणूस झाला, त्याला हक्क सांगता येत नाही. शिवाय माणसाची चूल एकच. आज इकडे, उद्या तिकडे, असं चालत नाही. दुसऱ्याकडे जेवलात तर कामापुरतं जेवायचं, आपल्या चुलीला निखारा ठेवून.

आणि चूलच थंड असेल तर? तर त्या तुकड्याला कुणीच हात लावायचा नाही. फारच अडलं तर सगळ्यांनी जमून 'हे घर संपलं' असं म्हणायचं. मग तुकडा सगळ्यांचा, आणि ते घर, त्याची जागा, त्याची पाण्याची पाळी, सगळंच संपलं. आजवर असं एकदाच म्हटलं गेलंय, आणि त्या घरात खरोखर कुणी उरलं नव्हतं.

ढासळलेला तुकडा धाकटीच्या थोरल्या दिराचा होता. तो ड्रायव्हर आहे, लांबच्या गाड्यांवर असतो. शहरात बिऱ्हाड केलं, बायको-पोरं नेली आणि इथल्या घराला कुलूप घातलं त्याला बरीच वर्षं झाली. त्याचं घर धाकटीच्या घरासमोरच, मध्ये एक अंगण. धाकटीचा नवरा गवंडी. दोन्ही तुकडे तोच बघायचा. थोरल्याची चूल थंड आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण भाऊच करतोय म्हणून कुणी बोलत नव्हतं. थंडीत गवंडी परांचीवरून पडला आणि आता मांडीपर्यंत प्लास्टर घालून खाटेवर बसला होता. बसून बसून चिडका झाला होता. चमचा पडला तरी ओरडायचा.

आणि या दोघा भावांची म्हातारी आई. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. ती धाकटीकडे राहायची. रोज सकाळी अंगण ओलांडून थोरल्याच्या घराचं कुलूप उघडायची, आत झाडायची, पुन्हा कुलूप लावायची. विचारलं तर म्हणायची, "येईल तेव्हा घाण नको दिसायला."

मुकादमकाकांनी सगळ्यांना पुलाच्या कठड्यापाशी बोलावलं. त्यांचा आजोबा पूल बांधणाऱ्या टोळीचा मुकादम होता, तेवढ्यावर हे अजून मुकादम आहेत. त्यांनी घसा खाकरला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "मार्ग एकच दिसतो. पण तो तोंडानं बोलवत नाही."

"तर बोलू नका," मावशी म्हणाली. "माझा मुलगा जिवंत आहे. येईल तो. धाकटे, फोन लाव त्याला."

पुलावरच फोन लागतो, पण धाकटी म्हणाली, "घरी जाऊन नंबर बघते, मग लावते." मावशी घरी गेल्यावर ती मला घेऊन पुन्हा आली. फोन लावला. थोरल्याचा आवाज मोठा, मला कठड्यापाशीही ऐकू येत होता.

"दादा, कडेची भिंत गेली. तुमचाच तुकडा आहे. दोन दिवस या. जेवण आमच्याकडे, माणसं आम्ही बघतो, तुम्ही फक्त चूल पेटवा."

"अगं, मी गाडी सोडून चूल पेटवायला येऊ?" तो हसला. वाईट हसला असं नाही, दमलेल्या माणसासारखा हसला. "संपलं म्हणून सांग आणि मोकळे व्हा. मला काय करायचंय तिथलं?"

"आणि आईंना काय सांगू?"

तो म्हणाला, "काहीतरी सांग."

धाकटीनं घरी येऊन सांगितलं की दादा लांबच्या खेपेवर आहेत, चार-पाच दिवसांत येतात. मावशीनं मान हलवली. मी शेजारीच उभी होते.

ते दिवस काय गेले म्हणून सांगू! ऊन असं की पत्र्यावर हात ठेवला तर फोड यावा. नदीचं डबकं झालेलं, त्यातलं पाणी गुरंसुद्धा नाक फेंदारून प्यायची. प्यायचं पाणी पलीकडच्या गावच्या नळावरून. तिथं आम्ही हंडे घेऊन उभ्या राहिलो की बायका म्हणायच्या, "तुमचं नंतर हो, आधी गावातल्यांचं." गावातल्यांचं होईपर्यंत नळ जायचा. धाकटी एकदा रिकामा हंडा उपडा करून त्यावर बसली आणि म्हणाली, "बसते. परत आला की मीच पहिली." एक बाई म्हणाली, "बस की, सरकारनं तुमच्यासाठीच घातलाय चौथरा." सगळ्या हसल्या. धाकटी पण हसली, पण येताना पुलावर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

डोक्यावर एक, कमरेवर एक, असे हंडे आणून ती रोपांना वाटीवाटीनं पाणी घालायची. मान आखडली, कमरेला काळा वळ पडला. वर गवंडी खाटेवरून ओरडायचा, "मुळाशी घाल, पानांवर सांडू नको!"

"तुम्हीच या की उतरून," ती म्हणायची.

एका दुपारी ती दिसेना. मावशी म्हणाली, रानात गेली असेल. मला काही ते पटलं नाही. मी पदर डोक्यावर घेऊन पाटाकडेनं वर गेले. कड म्हणजे डोंगराला चिकटलेला अरुंद पट्टा, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खोल ओढा. तिथं पाट भिंतीवरून जायचा, आणि ती भिंतच नव्हती. ओढ्यात उतरून धाकटी एकेक दगड पोटाशी धरून वर आणत होती. गुडघे सोललेले. दोन-तीन थर तिनं रचलेही होते, वाकडेतिकडे.

मी हाक मारायच्या आत मागून मुकादमकाका आले. त्यांनाही कुणीतरी सांगितलं असणार.

"धाकटे, हात काढ."

तिनं दगड ठेवला नाही. "इतकी वर्षं आम्हीच करत होतो ना, तेव्हा कुणी बोललं नाही."

"तेव्हा गाळ काढत होता तुम्ही. डोळेझाक केली. भिंत घातलीस तर उद्या हीच गोष्ट दुसरा करेल. तुझं जेवण कुठल्या चुलीवर होतं?"

"माझ्या."

"मग काढ हात."

काका वाईट माणूस नाही. त्यांच्याही काकड्या जळत होत्या. पण सगळ्यांच्या देखत, कारण तोवर आणखी चारजण येऊन उभे राहिले होते, धाकटीला रचलेले दगड परत उतरवावे लागले. एकेक करून. मदत करायला कुणाला हात लावता येत नव्हता. आम्ही उभे होतो दगडासारखे, आणि ती खरे दगड उतरवत होती. मला इतका संताप आला त्या नियमाचा, आणि माझ्याच आजेसासऱ्यानं तो भांडून करून घेतला होता!

संध्याकाळी काका म्हणाले, "उद्या सकाळी सगळ्यांनी जमा. आता बोलावंच लागेल."

सकाळी सगळी वस्ती कठड्यापाशी उभी. गवंडी कुबड्यांवर. धाकटी खाली बघून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. मुकादमकाकांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मावशी म्हणाली, "थांब रे. आधी माझं ऐका. आजपासून मी धाकटीच्या चुलीवर जेवत नाही."

गवंडी म्हणाला, "आई, हे काय भलतंच?"

"भलतं काही नाही. चूल वेगळी करतेय. समोरच्या घरात राहते. तिथली चूल मी पेटवते, म्हणजे तुकडा माझा. माझ्या नवऱ्यानं आणि मी तो राखला, मग थोरल्याला दिला. त्याला नको असेल तर मी परत घेतला. ज्याला काम करायचंय त्यानं माझ्याकडे घासभर खाऊन जायचं." मग मुकादमकाकांकडे वळून, "आहे का नियमात?"

काकांनी गाल खाजवला. "आहे," ते म्हणाले. "पण मावशी, एकदा पेटवलीस की विझू द्यायची नाही. चार दिवसांनी परत धाकटीकडे आलीस तर पुन्हा हेच."

"कळतं मला. चार दिवसांसाठी कुणी घर करत नाही."

लोक सुटकेनं हसायला लागले. वेल्डर घरचं मोठं पातेलं आणायला पळाला. कुणी तांदूळ आणला, कुणी भोपळा. मी धाकटीकडे बघितलं. तिचं तोंड कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं होतं. ती वळली आणि सरळ घरात गेली.

मी मागोमाग गेले. "अगं, तुझ्या भल्याचंच केलं तिनं. रोपं वाचतील तुझी."

"मला कळत नाही का, ताई?" ती भिंतीला टेकून म्हणाली. "सगळं कळतं. पण गेल्या ना त्या त्याच्या घरात. ज्यानं एकदाही यायचं नाव काढलं नाही, त्याच्या घरात. मी न्हायला घातलं, मी पाय चेपले, रात्र-रात्र खोकला ऐकला. आणि सगळ्यांसमोर काय म्हणाल्या? धाकटीच्या चुलीवर जेवत नाही. पलीकडच्या गावात आज हेच सांगतील, सुनेला कंटाळून म्हातारी वेगळी निघाली."

मीही तिच्याशेजारी भिंतीला टेकले.

समोरच्या घरातून धूर निघाला. इतक्या वर्षांची थंड चूल, आधी कोंदला, मग दारातून, कौलांतून, सगळीकडून निघाला. मावशी खोकत होती आणि फुंकत होती. भात आणि भोपळ्याची भाजी. आम्ही रांगेनं दोन-दोन घास खाल्ले, अंगणातच, केळीच्या पानाच्या तुकड्यांवर. माणसं जत्रेला निघाल्यासारखी वर निघाली, पहारी, घमेली, फावडी घेऊन. गवंड्यालासुद्धा दोघांनी खुर्चीत बसवून उचललं. तो वाटभर ओरडत होता, "सांभाळा, दुसरा पायही मोडाल!" पण पडल्या दिवसापासून तोंडावर हसू नव्हतं ते आज होतं.

भिंत घालणं म्हणजे खेळ नव्हे. ओढ्यातून कडेपर्यंत माणसांची साखळी लावली, दगड हातोहात वर येत होता. बायकांनी गवत कापून मातीत घातलं आणि ती पायांनी तुडवली. घोट्यापर्यंत चिखल, डोक्यावर ऊन. गवंडी कातळाला पाठ लावून बसला आणि जो दगड हातात येईल तो फिरवून, ठोकून बसवत होता. दुपारपर्यंत भिंत पाटाच्या उंचीला आली. लिंपण झालं. आता तुकड्याच्या वरच्या टोकाला पाणी अडवून धरलेली बारी उघडायची तेवढी राहिली होती.

धाकटी आली होती, पण जेवली नव्हती. सगळा वेळ पलीकडे, स्वतःच्या तुकड्यात उभी होती. आपल्या हद्दीतला गाळ काढत होती, जो परवाच काढलेला होता. आमच्या एकाही दगडाला तिनं हात लावला नाही.

"सोडू पाणी?" वरून मुकादमकाका ओरडले.

"थांब," खालून आवाज आला. मावशी चढून येत होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फडक्यानं झाकलेलं ताट. ती या चढावर किती वर्षांत आली नव्हती! ओठ निळे पडले होते. कुणीतरी धरायला गेलं, तिनं काठीनं त्याला बाजूला सारलं. धाकटीपुढे येऊन उभी राहिली आणि धापा टाकत म्हणाली, "एकजण जेवायचं राहिलंय."

"मला भूक नाही."

"भूक कुणी विचारली? ताट धर, हात दुखतो माझा."

धाकटीनं ताट धरलं, पण फडकं काढलं नाही. मग ती बोलली, आणि सगळ्यांना ऐकू गेलं. "दादांनी फोनवर सांगितलं, संपलं म्हणून सांग. तुम्हाला लागेल म्हणून मी बोलले नाही. आणि तुम्ही त्यांच्यासाठी मला सोडून गेलात."

गवंड्यानं मान खाली घातली.

"मलाही तेच म्हणाला," मावशी म्हणाली. "वेल्डरला लावायला सांगितला होता फोन. मलाही म्हणाला, संपलं म्हणून टाक. माझाच आहे, मला माहीत नाही का? पण तो म्हणतो म्हणून संपतं होय? मी अजून आहे." ती दम घ्यायला थांबली. "आणि तुला सोडून जायचं तर आधी तुझ्यावर रुसायला हवं. काल रात्रभर शोधत होते, कशावरून रुसावं. एक गोष्ट सापडली नाही गं. तसंच निघावं लागलं."

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि नाकातूनही. तिनं बाहीनं पुसलं, फडकं काढलं आणि उभ्या उभ्याच खाल्लं. सगळी वस्ती बघत होती, कुणाला बघू नये असं सुचलंसुद्धा नाही. अर्धं खाऊन ती म्हणाली, "मीठच नाही यात."

"इतकी वर्षं आयतं खातेय," मावशी म्हणाली. "किती घालतात तेच विसरले."

ताट चाटूनपुसून धाकटी दिराच्या, म्हणजे आता मावशीच्या, तुकड्यात उतरली. मुकादमकाकांनी फावडं तिच्याकडे दिलं. बारी तिनं उघडली. पाणी आलं ते आधी मातकट, पालापाचोळा ढकलत, भिंतीपाशी जरा घुटमळलं आणि पुढं गेलं. आम्ही त्याच्या बरोबरीनं चालत खाली आलो. वेल्डर तर नाचत होता, त्याला नाचता येत नाही तरी.

दिवस कलताना मी पुन्हा मशीनवर बसले, चड्ड्या तशाच राहिल्या होत्या. खिडकीतून त्यांचं अंगण दिसतं. धाकटी मिठाची बरणी घेऊन अंगण ओलांडून गेली. मावशीनं ती दारातच घेतली.

"आत येऊ?"

"ये की. पण आधी जाऊन तुझी चूल पेटव. सकाळपासून काही शिजलं नाही तुझ्याकडे. माझी पेटवताना तुझी थंड झाली तर काय उपयोग?"

धाकटी वळली. अंगणाच्या मध्यावर थांबली. "आई, एकट्या जेवणार?"

"एकटी कशी? दार उघडं ठेवते. तूही ठेव."

थोड्या वेळानं दोन्हीकडून धूर निघाला. मग दोघी आपापल्या उंबऱ्यात ताट घेऊन बसल्या, समोरासमोर, मध्ये अंगण. गवंडी आत एकटाच कुरकुरत जेवत होता, त्याच्याकडे कुणी लक्ष देईना. माझी सुई केव्हाची थांबली होती.

"आता लागलं का मीठ?" धाकटीनं अंगणापलीकडे ओरडून विचारलं.

"जास्त झालं," मावशी ओरडली.